उंच माणसाची सायकल

सौंसर
६ ऑक्टोबर २०२४

वीरेंद्र,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होतो, पण ते वाचूनच तू कागद बाजूला ठेवशील म्हणून सोडून दिलं. थोरला भाऊ आहे, तेव्हा आशीर्वाद आहेतच, लिहिले काय अन् न लिहिले काय. फोनच केला असता, पण सहा वर्षांपूर्वी माझा नंबर तू बंद करून ठेवलास तो अजून तसाच आहे. गेल्या आठवड्यात लावून बघितला. तुझा पत्ता हर्षलने इंटरनेटवरून काढला. कुल्लूकडे सायकली दुरुस्त करतोस आणि लोकांना डोंगरात फिरवतोस, असं तिथे दिसलं. फोटोत दाढी वाढवली आहेस. बरी दिसत नाही.

हे पत्र भांडण उकरायला नाही. रस्त्याकडेची संत्र्याची झाडं तोडून तिथे सायकलवाल्यांसाठी मुक्कामाची जागा बांधायची, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही खुळेपणाचं वाटलं होतं आणि आजही वाटतं. झाडं उभी आहेत. आंबिया बहार चांगला आहे. तो विषय संपला.

काम हर्षलचं आहे. तू गेलास तेव्हा माझा पोरगा अकरावीत होता. आता तेविसाचा आहे, इथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसतो, आणि उंचीने तुझ्यावर गेलाय. सहा फूट साडेचार इंच. दाराची चौकट त्याच्या कपाळाला पाठ झाली आहे. रामाकोन्याच्या पुढे आपला बगीचा जिथे संपतो आणि जंगल खात्याची कच्ची वाट डोंगरावर चढते, त्या वाटेचं त्याला वेड लागलंय. तिथे सायकलने चढायचं म्हणतो, आणि मुख्य म्हणजे उतरायचं, तेही दगडांवरून. त्याला हार्डटेल पाहिजे. पुढे दणका सोसणारा फोर्क, मागे काही नाही. त्यातही अ‍ॅग्रेसिव्ह. अ‍ॅग्रेसिव्ह माणसं मी घरातच पाहिली आहेत, सायकल कशी असते ते तूच सांग.

नागपूरला दोन दुकानं पाहिली. पहिल्या ठिकाणी हर्षल बसला तर गुडघे हँडलला लागत होते. दुकानदार म्हणतो, "काही नाही साहेब, सीट वर करून देतो." सीट वर केली तर पोरगा सायकलवर असा दिसला, जसं कोणी खुर्चीच्या पाठीवर चढून बसावं. मला हसू आलं, त्याला राग आला. उंच माणसाने काय बघून घ्यायची, एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

एक चमत्कारिक गोष्ट झाली. आपल्या बगीच्यात कलाबाई आहे ना, रामाकोन्याची, बाबांच्या वेळेपासून संत्री तोडते ती. परवा मला म्हणते, "भाऊ, हर्षलले सायकल घेऊन देली वाटते. डोंगरावर चढून राहिला होता सकाळी."

सकाळी हर्षल माझ्यासोबत मोटारपंप दुरुस्तीला बसला होता. सायकल तर अजून घेतलीच नाही. मी तिला म्हटलं, दुसरा कोणी असेल. ती म्हणाली, "एवढा लंबा दुसरा कोण हाये इकडं?"

तुझा,
भूपेंद्र

ता.क. पत्त्यात आता छिंदवाडा घालू नकोस. जिल्हा पांढुर्णा झालाय.


सौंसर
२१ ऑक्टोबर

वीरेंद्र,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे नुसते आकडे. 'दादा' नाही, 'कसे आहात' नाही, खाली सहीसुद्धा नाही. गॅरेजवाला गाडीच्या काचेला चिठ्ठी लावतो, तेवढंच. तरी तुझं अक्षर पाहून अमिताने, तुझ्या वहिनीने, कागद देवाजवळ ठेवला, आणि मला मोजमाप घ्यायला तिथून काढून आणावा लागला.

तू म्हणतोस तसं केलं. हर्षलला भिंतीला पाठ लावून उभं केलं, मांड्यांमध्ये पुस्तक वर दाबून धरायला लावलं आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत टेप लावला. पुस्तक माझ्या हातात आलं ते अमिताचं पाककृतींचं होतं, त्यावरून अर्धा तास बोलणी खाल्ली. पाय भरले त्र्याण्णव सेंटीमीटर. हर्षलने तुझा कागद मला समजावून सांगितला. फ्रेम नुसती उंच असून भागत नाही, लांब पाहिजे. उभं राहून चालवताना हात मोकळे पडले पाहिजेत. सीटचा दांडा मागे कललेला नको, नाहीतर उंच माणसाने सीट वर केली की तो मागच्या चाकाच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि चढावर पुढचं चाक उचलतं. पुढचा फोर्क बाहेर झुकलेला हवा, म्हणजे उतारावर चाक बरंच पुढे राहतं. हे मला पटलं. उतरताना सीट खाली घेणारा खटकाही हवाच, असं तू दोनदा अधोरेखित केलंस. तुझ्या कागदावर भावना म्हणून तेवढीच एक रेघ होती.

आता दुसरी गोष्ट. मंगेश आपली संत्री पिकअपमध्ये भरून नेतो. तो शुक्रवारी गाडी लावता लावता मला म्हणाला, "पोट्टा दमदार हाये हां भाऊ तुमचा. येवढ्या चढावर सीटवरून उठला नाई."

मी विचारलं, "कोणता पोट्टा?"

"हर्षल ना. हिरव्या सायकलवर. कच्च्या संत्र्यासारखी हिरवी हाये पाहा."

"तोंड पाहिलंस त्याचं?"

"तोंड कसं दिसंन? पाठमोरा होता. चढून राहिला होता."

"मग हाक मारायची ना."

मंगेशने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला मंदिरात चप्पल घालून जायला सांगितलं. "जाणाऱ्याले मागून कोणी हाक मारते का, भाऊ?"

तेही खरंच. कलाबाईला मी मग नीट विचारलं. तिने तोवर तीन-चारदा पाहिला होता. पाठ रुंद, शर्ट पांढरा, लांब पाय. दर वेळी चढताना. मी विचारलं, उतरताना कसा दिसतो? ती हातातलं संत्रं टोपलीत ठेवून म्हणाली, "उतरताना नाई पाहिला कधी."

त्या वाटेला वर दुसरा रस्ता नाही, हे तुला माहीत आहे. वर डोंगर संपतो आणि पलीकडे कडा आहे. दिवसभर बाया बगीच्यात असतात. चढलेला माणूस त्यांच्यासमोरूनच उतरतो.

अमिताला मी हे सांगितलेलं नाही. तुला काय म्हणून सांगतोय कोण जाणे. तू लांब आहेस म्हणून असेल.

भूपेंद्र


सौंसर
३ नोव्हेंबर

वीरेंद्र,

दिवाळी झाली. तुझ्या वाट्याच्या करंज्या डब्यात राहतात आणि मग मीच खातो, हे दर वर्षीचं आहे.

मी घाबरलो आहे, हे सरळच लिहितो. बुधवारी मी एकटा बगीच्यात होतो. दहा-अकराचं ऊन होतं, लख्ख. ठिबकची नळी बघत वाकलो होतो. मान वर केली तर तो वाटेवर होता. माझ्यापासून फार तर आपल्या अंगणाएवढ्या अंतरावर. पांढरा शर्ट, हिरवी सायकल, लांबच लांब फ्रेम. सीटवर बसून संथ चढत होता. वीरेंद्र, त्या वाटेवर बारीक मुरूम आहे, बैल गेला तरी करकर वाजतं. त्याच्या चाकाखाली काही वाजत नव्हतं. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर बांधलेल्या बैलाने मानसुद्धा वळवली नाही.

मी खिशातून फोन काढून हर्षलला लावला. डोळे त्याच्या पाठीवरच ठेवले. हर्षलने उचलला. मागे जिनिंगच्या मशिनींचा आवाज येत होता. "बोला बाबा, काय झालं?" म्हणाला. मी 'काही नाही' म्हणालो. समोरचा वळणावर गेला आणि झाडीत दिसेनासा झाला. मी दुपार टळेपर्यंत तिथेच बसलो. उतरला नाही.

तोंडाशी हाक आली होती. पण लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. घराबाहेर पाऊल टाकलेल्याला मागून टोकलं तर त्याचं काम मोडतं. मी तोंड मिटलं.

संध्याकाळी घरी आलो तर हर्षल मोबाइल घेऊन पुढे आला. "बाबा, काकांनी लिहिलं ना, तसं सगळं एकाच सायकलमध्ये सापडलं. सर्वांत मोठ्या साइजमध्ये एकच शिल्लक आहे." मी फोटो पाहिला. हिरवी होती. मंगेश म्हणाला तशीच, कच्च्या संत्र्याची. पोराने ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि बगीच्यातल्या बाया ती महिनाभर पाहत आहेत.

मग मी अमिताला सगळं सांगितलं. ती शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढे नारळ ठेवून आली. आल्यावर म्हणाली, "पोराले नाही म्हणा." मी म्हटलं, तेविशीच्या पोराला नाही म्हणून तो ऐकतो का? आपल्या घरात एकाला नाही म्हटलं होतं, तो हिमाचलला जाऊन बसला. 

तेव्हा मी दुसरं ठरवलंय. नागपूरच्या दुकानात तीच सायकल मधल्या मापात आहे, निळी. मी ती घेतो. पोरगा वैतागेल, पण आखूड सायकलवर तो डोंगर चढणार नाही. गावात चालवेल आणि कंटाळून कोपऱ्यात टाकेल. माझी एक विनंती आहे. त्याने तुला विचारलं तर सांग, की मधलं माप चालतं. तू सांगितलंस तर तो मानेल. तुझा शब्द त्याला माझ्या शब्दापेक्षा मोठा वाटतो, याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण आत्ता ते राहू दे. मला माझा पोरगा पाहिजे.

भूपेंद्र


सौंसर
१५ नोव्हेंबर

वीरेंद्र,

दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद तुझ्याकडून आला. त्यातली अर्धी शिव्यांत मोडतील अशी वाक्यं आहेत. पण वर 'दादा' लिहिलंस. रागाच्या भरात का होईना, लिहिलंस.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि अमिताला वाचून दाखवलं. 'लहान फ्रेमवर उंच पोरगा बसला की तो सीटचा दांडा खुणेच्या वर ओढणारच. मग एका खड्ड्यात फ्रेम तडकते. नाही तडकली तर उतारावर त्याचं सगळं वजन पुढच्या चाकाच्याही पुढे जातं आणि तो हँडलवरून डोक्यावर पडतो. चढायला कोणतीही सायकल चालते दादा, खाली आणते ती योग्य मापाची. तो जाणारच आहे. तू त्याला थांबवत नाहीयेस, तू त्याला पडायला पाठवतो आहेस.'

हे वाचून मी पाणी प्यायलो. उतरताना नाही पाहिला, असं कलाबाई म्हणते. आणि मी त्याला न उतरणारी सायकल आणून देत होतो. त्याच दिवशी निळी रद्द केली आणि हिरवी मागवली. ती काल आली. हर्षलने खोक्यातून काढून जुळवली, तू लिहिलेल्या मापाने हँडल लावलं, हवा कमी ठेवली, आणि बसला. वीरेंद्र, मला सायकलीतलं कळत नाही. पण तो तिच्यावर बसला तेव्हा प्रथमच मला माझा पोरगा मोठा वाटला नाही. बरोबर वाटला. गुडघे सुटे, हात मोकळे, पाठ सरळ. अमिता दारातून बघत होती. ती आत निघून गेली.

तुझ्या पत्राच्या शेवटी घरचं असं एक वाक्य होतं, सहा वर्षांतलं पहिलं. 'पोरासाठी शोधता शोधता मलाच मोह झाला, तीच फ्रेम त्याच रंगात मीही घेतली. बर्फ पडायच्या आत चोवीस तारखेला, रविवारी, एका नव्या वाटेने तिला नेणार आहे.' ते वाचून मला बरं वाटलं. काका-पुतण्याची सारखी सायकल. बाबा असते तर दोघांनाही खुळे म्हणाले असते.

हर्षल परवा रविवारी डोंगरावर जातोय. मी अडवणार नाही. खाली वाटेशी बसेन.

भूपेंद्र


सौंसर
१९ नोव्हेंबर

वीरेंद्र,

उतरला.

आधी तेच लिहिलं, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. रविवारी कोवळ्या उन्हात तो निघाला. मी आणि कलाबाई बगीच्याच्या टोकाशी बसलो होतो. चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. एरवी तोंडाला खंड न देणारी कलाबाई नुसती वळणाकडे बघत बसली होती. शेवटी वरून करकर आवाज आला, मुरूम उडाला, आणि वळणावरून पोरगा धुळीने माखून हसत खाली आला. सीट खाली घेतलेली, हात पसरलेले, चाक पुढे. खाली येऊन त्याने पाय टेकवला आणि म्हणाला, "काकांना सांगा, उतारावर असं वाटते का सायकलच आपल्याले पकडून राहिली."

मी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. मला रडू आलं. कलाबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता पाहिला उतरताना. आता झालं."

मलाही वाटलं, झालं. ते जे काय होतं ते पोराच्या वाट्याचं होतं, आणि फिटलं. रात्री नीट झोपलो.

काल सोमवारी हर्षल कामावर गेला. त्याची सायकल घरात होती, दिवाणखान्यात, मी तिला ओलांडून चहा घेतला. दुपारी बगीच्यात गेलो तर बाया कामं सोडून एका झाडाखाली बसलेल्या. कलाबाई उठली आणि माझ्याजवळ येऊन हळू बोलली.

"भाऊ, आजबी चढला तो."

 मी तुला विचारतो, तू डोंगरात राहतोस, असं तिकडे कोणाला दिसतं का? आणि दिसलं तर ते लोक काय करतात?

भूपेंद्र


दिल्लीच्या पुढे, बसमध्ये
२४ नोव्हेंबर, रविवार

विरू,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. स्वतः तुझ्या हातात देणार आहे. बस हलते म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

ओळखलं ते अमिताने. शुक्रवारी रात्री ती देवाजवळचे तुझे कागद आवरत होती. पंधरा तारखेला ज्याबद्दल मी लिहिलं, तो कागद तिने पुन्हा वाचला आणि तो हातात घेऊन माझ्यासमोर आली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"काहून हो," ती म्हणाली, "या घरात उंच का एकटा हर्षलच हाये?"

 तिने बोट ठेवून दाखवलं. तीच फ्रेम. तोच रंग. चोवीस तारखेला, नव्या वाटेने.

आम्ही सगळे दीड महिना पाठ बघत होतो, विरू. मी, मंगेश, कलाबाई. तोंड कोणीच पाहिलं नव्हतं. तू सहा वर्षं इथे नाहीस, म्हणून कोणाच्या मनात तू आलाच नाहीस. उंच दिसला की हर्षल, एवढंच. आणि आपल्याकडे जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, म्हणून तो वळलाही नाही. तू घर सोडून गेलास त्या दिवशीसुद्धा अंगणात आम्ही सगळे होतो. कोणी हाक मारली नाही. आपल्यात मारत नाहीत.

तुझा फोन मी लावला, तो बंदच. हर्षलच्या फोनवरून लावला, रेंजच्या बाहेर. मग त्याने तुझ्या वर्कशॉपचा नंबर शोधला. तिथला माणूस म्हणाला, तू शुक्रवारीच वरच्या गावाला गेला आहेस, तिथे नेटवर्क नसतं, रविवारी उतरून येशील. हर्षलने त्याला सांगितलं, कसंही करून निरोप पोचवा, काकांना निघू देऊ नका. तो 'बघतो' म्हणाला. त्याच्या 'बघतो'वर मी घरी बसू शकलो नाही. पांढुर्ण्याहून मिळाली ती गाडी पकडली.

निघण्याआधी बगीच्यात गेलो. कलाबाईला सगळं सांगितलं. म्हटलं, आता तो दिसला की हाक मार. नाव घेऊन मार. 'विरूभाऊ' म्हण.

ती दोन पावलं मागे सरली. "मायाकडून नाई होणार भाऊ. जाणाऱ्याले मागून टोकलं का त्याचं काम मोडते."

"मोडू दे," मी म्हटलं. "त्याचं काम मोडलंच पाहिजे."

"अन् मले काही झालं तं?"

 मी तिच्यासमोर हात जोडले. तिने माझे हात खाली केले आणि म्हणाली, "लहान असताना माया टोपलीतली संत्री पळवत होता तो." एवढंच बोलून झाडाकडे गेली. हो म्हणाली नाही.

आता ऐक. तासाभरापूर्वी अमिताचा फोन आला. आज रविवार, बगीच्याला सुट्टी आहे, पण कलाबाई एकटी जाऊन वाटेवर बसली होती. तो आला. तसाच, पांढरा शर्ट, हिरवी सायकल, आवाज नाही. तिच्यासमोरून वर गेला. ती म्हणते, हाक निघेना. तो वळणाशी पोचला तेव्हा तिने डोळे मिटले आणि जोरात ओरडली, "ए विरूभाऊ, घरी चाल."

मी अमिताला म्हटलं, "मग?"

"थांबला म्हणते. पाय टेकला."

"मग?"

"मागं वळून पाह्यलं. दाढी होती म्हणते. विरूभावजीच होते. रोडले होते."

"पुढे बोल ना."

"मंग सायकल वळवली अन् उतरले. तिच्या बाजूनं गेले. तिले पाहून हसले म्हणते. खाली सौंसरच्या रस्त्याले लागले."

बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस मला विचारत होता, तब्येत ठीक आहे ना. मी मान हलवली.

मी लगेच तुझ्या वर्कशॉपला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, निरोप वर पोचला की नाही माहीत नाही. तू पहाटे एकटाच निघालास, एवढं वरून आलेल्या बसवाल्याने सांगितलं. अजून परत आलेला नाहीस, पण अजून वेळही झालेली नाही, साहेब, काळजी करू नका.

तर मला आत्ता एवढंच ठाऊक आहे, की तू वळलास आणि उतरलास. कुठून उतरलास ते ठाऊक नाही. डोंगरावर कोणी मागून हाक मारल्यासारखं वाटून तू थांबलास, चिडलास, सायकल फिरवून माघारी आलास, असं झालं असेल तर मी पोचेन तेव्हा तू वर्कशॉपमध्ये चिखल धूत असशील आणि मला पाहून तोंड फिरवशील. फिरव. मी तुझ्या पाठीशी उभा राहून हाक मारीन. पुन्हा पुन्हा मारीन. आता मला त्याची लाज उरली नाही.

आणि तसं नसेल, तू वरच राहिला असशील आणि जो उतरला तो फक्त घराकडे निघाला असेल, तर तोही माझाच भाऊ आहे. मी बसमधून उतरून माघारी फिरावं की पुढे यावं, हे मला बराच वेळ कळत नव्हतं. मग ठरवलं, पुढेच यायचं. जिवंत माणसाला गाठायला माणसानेच जावं लागतं.

अमिताला मी सांगून ठेवलंय. संध्याकाळी दार लोटून घ्यायचं नाही. दारात उंच माणूस दिसला, वाकून आत येताना दिसला, तर कोण म्हणून विचारायचं नाही आणि रडायचं नाही. हर्षलने सायकल आत घ्यायची, आणि तिने ताट वाढायचं. ती म्हणाली, पीठ मळायला घेतलंय.

दादा